वाचकांचे प्रश्न: आईबाबा, मुलं आणि अलास्का हायवे

मागच्या अंकात मी कॅनडाच्या उत्तरेकडच्या रस्त्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेकांनी अलास्का हायवेबद्दलच विचारलंय, म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून कॅनडाच्याच युकॉन प्रदेशातून अमेरिकेच्या अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत जाणारा साधारण २,२३० किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे उत्तरंही त्याचीच आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कॅलगरीत राहतो, मुलं ७ आणि ११ वर्षांची, जुलैमध्ये सांगलीहून सासूसासरे येतायत. सासऱ्यांना बीपी आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोन आठवडे सुट्टी मिळतेय तर गाडीने युकॉन करून अलास्कापर्यंत जावं असं आमच्या मनात आहे पण मित्र म्हणतात म्हाताऱ्या माणसांचे हाल कराल. खरंच जमणार नाही का? आरव्ही (झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यावी की आपलीच गाडी?
– एक वाचक, कॅलगरी

जमेल, अगदी नक्की जमेल, फक्त अलास्का यातून काढून टाका. कॅलगरी ते युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स हेच जवळपास २,३०० किलोमीटर होतं आणि परत यायचंय, त्यात अलास्काची हद्द गाठायची म्हटलं तर पुढे अजून साडेचारशेच्या वर, मग सगळी सुट्टी खिडकीतून बघण्यातच जाते आणि हाल होतात ते तिथे होतात, रस्त्यामुळे नाही. दिवसाला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास थांबायचं हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि एखादा दिवस त्याच्या निम्माच ठेवा. पहिला मुक्काम व्हाइटकोर्ट, दुसरा डॉसन क्रीक, तिसरा फोर्ट नेल्सन, चौथा लिआर्ड हॉट स्प्रिंग्ज, पाचवा टेस्लिन, आणि सहाव्या दिवशी दुपारी आरामात व्हाइटहॉर्स. पुढे दोनतीन दिवस व्हाइटहॉर्स आणि क्लुआनी तलाव, आणि तिथून मागे फिरा.

या सगळ्यात मी सर्वात जास्त आग्रह धरेन तो लिआर्डचा. फोर्ट नेल्सनपासून हे साधारण ३१० किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता या पूर्ण हायवेवरचा सगळ्यात सुंदर तुकडा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चढ लागतो, समिट पास येतो, १,२९५ मीटर, हायवेवरचा सगळ्यात उंच पॉइंट, मग टोड रिव्हर, जिथल्या लॉजच्या छताला हजारो टोप्या टांगलेल्या आहेत आणि मुलं मान वर करून बघतच बसतात, आणि त्यानंतर मंचो लेक. हा तलाव १२ किलोमीटर लांब आहे, रस्ता पूर्ण त्याच्या काठाकाठाने कडा कापून काढलेला, पाण्याचा रंग हिरवा आणि निळा यांच्या मधला कुठला तरी. इथे स्टोन शीप म्हणजे डोंगरी मेंढ्या रस्त्यावरच उतरतात कारण त्यांना मातीतलं आणि रस्त्याच्या कडेचं मीठ चाटायचं असतं, त्यामुळे वळणावर वेग एकदम कमी करा.

आणि मग लिआर्ड. गाडी लावली की साधारण ७०० मीटर लाकडी बोर्डवॉकवरून चालायचंय, सपाट आहे, सासूबाईंना सावकाश जमेल, हातात काठी असली तर उत्तमच. दोन्ही बाजूंना कोमट पाण्याची दलदल आहे जी थंडीतही गोठत नाही, त्यात मूस म्हणजे इथली अवाढव्य हरणं चरायला येतात, छोटे मासे दिसतात, आणि इतक्या उत्तरेला न शोभणारी दाट हिरवी झाडी, ऑर्किडसुद्धा उगवतात. शेवटी गरम पाण्याचा मोठा नैसर्गिक कुंड. आपल्याकडे वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची कुंडं ज्यांनी बघितलीत त्यांना गरम पाण्याचं नवल नाही, पण इथे ते जंगलाच्या मधोमध आहे, तळाशी खडी, बसायला पाण्यातच बाक. पाणी ४२ पासून ५२ अंशांपर्यंत जातं. जिथून झरा येतो त्या टोकाला सासऱ्यांना अजिबात बसू देऊ नका, बीपी असलेल्यांनी खालच्या बाजूला, दहा मिनिटं, मग बाहेर येऊन पाणी पिणं, हे आधी डॉक्टरांनाही विचारून ठेवा. गुडघ्यांचं म्हणाल तर सासूबाईच तिथून निघायला तयार होणार नाहीत बघा. म्हणूनच मी सांगते की इथे मुक्काम ठेवा, संध्याकाळी एकदा आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत एकदा.

गाडी की आरव्ही, तर सहा जणांसाठी मी सात सीटची गाडी आणि लॉज किंवा मोटेल असंच सांगेन. आरव्हीत स्वतःचं टॉयलेट मिळतं हे खरंय पण वरच्या बेडवर चढणं, रोज पाणी भरा, टाकी रिकामी करा, आणि मोठी गाडी चालवायची सवय नसेल तर चालवणारा दमतो आणि त्याचा ताण सगळ्यांवर येतो. फक्त लॉजमध्ये खोल्या मोजक्याच असतात, जुलैचं बुकिंग खूप आधी करा. पेट्रोल अर्धी टाकी झाली की दिसेल त्या पंपावर भरायचं, पुढचा पंप चालूच असेल असं धरून चालायचं नाही, जुने बरेच लॉज बंद पडलेत. स्टेपनी पूर्ण मापाची घ्या, तिची हवाही बघा. फोर्ट नेल्सन सोडलं की वॉटसन लेकपर्यंत पाचशेच्या वर किलोमीटर मोबाइलला जवळपास रेंज नाही, म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करा आणि जमलं तर सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या. हॉस्पिटल फोर्ट नेल्सनला आहे, वॉटसन लेकला आहे, व्हाइटहॉर्सला मोठं आहे. आईबाबांच्या इन्शुरन्समध्ये बीपीसारखे आधीपासूनचे आजार कव्हर होतात का हे निघायच्या आधी नीट वाचा, हे मी प्रत्येकाला सांगते आणि बरेच जण टाळतात.

प्रश्न: माझी आई पक्की शाकाहारी आहे, अंडंही नाही. या रस्त्यावर तिने खायचं काय? आणि स्वयंपाकाच्या वासाने अस्वल येतं म्हणतात ते खरं आहे का? टॉयलेटची सोय कशी असते हेही सांगा, हा प्रश्न आईचाच आहे.
– एक वाचक, एडमंटन

आईंना सांगा प्रश्न एकदम योग्य आहे, प्रवास याच दोन गोष्टींवर चालतो. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने टॉयलेट आहेत पण ते खड्ड्याचे, बसायला सीट असते, पाणी नसतं. पाण्याचा कॅन, तांब्या, टिश्यू, सॅनिटायझर गाडीत हाताशी पाहिजे, डिकीच्या तळाशी नाही. जिथे कॅफे किंवा पंप दिसेल तिथे लहान मुलं आणि मोठी माणसं सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली असो नसो.

खाण्याचं म्हणाल तर लॉजवर मेन्यू म्हणजे बर्गर, सूप, अंडी, मांस, शाकाहारी माणसाला फ्राइज, टोस्ट, फार तर ग्रिल्ड चीज. टेट्सा रिव्हर लॉजचे सिनेमन बन प्रसिद्ध आहेत, थाळीएवढे मोठे आणि गरमगरम, पण अंडंही चालत नसेल तर आधी विचारून घ्या, असे बन बनवताना बऱ्याचदा अंडं घालतात. तेव्हा खरं जेवण आपलंच. डॉसन क्रीक आणि फोर्ट नेल्सनला सुपरमार्केट आहेत, भाजी दूध दही तिथून घ्या. बाकी घरून भाजलेला रवा, उपम्याचं आणि खिचडीचं कोरडं मिक्स, मेतकूट, दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. छोटा तीन लिटरचा कुकर आणि एक बर्नरचा कॅम्प स्टोव्ह असला की मुगाची खिचडी पिकनिक टेबलावर वीस मिनिटांत होते आणि तलावाच्या काठी ती खाताना आई खूश झाल्या नाहीत तर मला कळवा. व्हाइटहॉर्सला पोचलात की मोठी दुकानं आहेत, इंडियन रेस्टॉरंटही मिळेल.

अस्वलाचं खरं आहे, आणि ते हलक्यात घेऊ नका. त्याचं नाक फार तेज असतं, आणि लोणचं, तूप, फोडणी, टूथपेस्ट, खोबरेल तेल, साबण सगळंच त्याला खाण्याची वस्तू वाटते. म्हणून नियम एकच की तंबूत काहीही वासाचं ठेवायचं नाही, जेवण झालं की भांडी लगेच धुवायची, खरकटं झाडीत टाकायचं नाही, सगळं बंद गाडीत किंवा कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत. फोडणीचा वास लागलेले कपडे घालून तंबूत झोपू नये हे मी आवर्जून सांगते कारण आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपण चुकून टाकलेली एक पुरी खाऊन अस्वलाला माणसांच्या अन्नाची चटक लागते, मग ते वारंवार येतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते, तेव्हा ही काळजी आपल्या जिवाइतकीच त्याच्याही जिवासाठी आहे.

चालायला उतरलात तर बोलत चला, मुलांना पुढे पळू देऊ नका, बेअर स्प्रे म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा पट्ट्याला लावलेला असू द्या, बॅगेच्या आत नको, आणि तो कसा मारायचा हे निघायच्या आधी शिकून घ्या. लिआर्डला १९९७ च्या ऑगस्टमध्ये काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसं गेली आहेत, हे घाबरवायला सांगत नाहीये, तिथल्या पाट्या आणि रेंजरचं म्हणणं पाळा म्हणून सांगतेय. रस्त्याकडेला अस्वल दिसलं तर काच वर, गाडीतूनच बघायचं, खायला काही टाकायचं नाही, आणि फोटो झाला की पुढे निघायचं. लिआर्ड ते वॉटसन लेक पट्ट्यात जंगली बायसनचे (गव्यासारखा प्राणी) कळप रस्त्यावरच बसतात, मोठा नर नऊशे किलोच्या आसपास भरतो, हॉर्न मारू नका, थांबा, ते त्यांच्या वेळेने उठतात. अंधारात ते दिसत नाहीत म्हणून या पट्ट्यात रात्री गाडी चालवायचीच नाही.

प्रश्न: आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. खरं सांगायचं तर तासन्‌तास झाडं, झाडं आणि झाडं. मुलं कंटाळली, मीही कंटाळलो. लोक एवढं कौतुक का करतात?
– एक वाचक, व्हँकूवर

तुमचं म्हणणं मला पटतं, फोर्ट नेल्सनच्या आधीचा भाग आणि वॉटसन लेकच्या पुढचा काही भाग खरंच एकसारखा आहे, स्प्रूस आणि पॉप्लर, मध्ये दलदल. पण तुम्ही दिवसाला किती चालवलंत ते लिहिलं नाहीत. आठशे किलोमीटर चालवलं तर कुठलाही रस्ता भिंत होतो. या रस्त्यावर मजा उतरण्यात आहे, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांना काहीतरी काम द्यावं लागतं.

वॉटसन लेकचंच घ्या. तिथल्या साइन पोस्ट फॉरेस्टमध्ये खांबांवर जगभरातल्या गावांच्या ८० हजारांहून जास्त पाट्या ठोकलेल्या आहेत. सुरुवात १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या अमेरिकन सैनिकाने केली, त्याला दुखापत झाली म्हणून अंतरांच्या पाट्या दुरुस्त करायचं हलकं काम दिलं होतं, घरची आठवण येत होती, त्याने इलिनॉयमधल्या आपल्या डॅनव्हिल गावाची पाटीही तिथे लावली, आणि मग बाकीचेही लावत गेले ते आजपर्यंत. मुलांना घरीच एक फळी रंगवायला द्या, देवनागरीत आपल्या मूळ गावाचं नाव, खाली वर्ष. स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर सोबत न्या. दोन आठवडे आधीपासून मुलं त्या फळीची वाट बघतात आणि तिथे जागा शोधताना तास कसा जातो कळत नाही. टेस्लिनला ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांचं हेरिटेज सेंटर आहे, बाहेर त्यांच्या पाच कुळांचे पाच कोरीव खांब, तिथे कुठल्या खांबावर कुठला प्राणी हे मुलांना ओळखायला लावा. व्हाइटहॉर्सच्या दक्षिणेला कारक्रॉसजवळ वाळूच्या टेकड्या आहेत, हिमयुगातल्या तलावाच्या तळाची ती वाळू, बर्फाचे डोंगर मागे आणि मुलं वाळूवरून घसरतायत.

आणि क्लुआनी तलावाच्या दक्षिण टोकाला गाडी थांबवून नीट बघा असं मी मोठ्यांनाही सांगते. तिथे एक रुंद, कोरडं, राखाडी पात्र आहे, ज्याला आधी स्लिम्स रिव्हर म्हणायचे आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या सदर्न टचोनी भाषेत आय चू म्हणतात. ही नदी कास्कावुल्श ग्लेशियरच्या वितळलेल्या पाण्यावर चालायची आणि तलावात येऊन पुढे युकॉन नदीमार्गे बेरिंग समुद्राला जायची. ग्लेशियर मागे हटता हटता २०१६ च्या वसंतात वितळलेल्या पाण्याला दुसऱ्या बाजूला वाट मिळाली आणि काही दिवसांतच पाणी त्या बाजूला वळून दक्षिणेकडे पॅसिफिकला जाऊ लागलं. इकडची नदी आटली, तलावाची पातळी खाली गेली, आता वारा सुटला की पात्रातली माती ढगासारखी उठते आणि रस्ता दिसत नाही. हवामान बदलाबद्दल आपण मुलांना कितीही सांगितलं तरी असं डोळ्यांसमोर दुसरीकडे क्वचितच दाखवता येईल. वरच्या कड्यावर पांढरे ठिपके दिसतील त्या डॉल मेंढ्या, दुर्बीण घेऊन मोजायला लावा.

प्रश्न: मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवतो. हा रस्ता आठ महिन्यांत बांधला असं वाचलं, हे शक्य आहे का? कोणी बांधला?
– एक शिक्षक वाचक, नाशिक

सर, शक्य झालं खरं, पण जो झाला तो कच्चा रस्ता होता, ट्रक कसाबसा जाईल असा. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अलास्काला जमिनीवरून पोचायला रस्ताच नव्हता, म्हणून मार्च १९४२ मध्ये अमेरिकन लष्कराचे इंजिनियर कॅनडात उतरले. जूनमध्ये जपानने अलास्काच्या टोकाची अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली तेव्हा घाई अजून वाढली. दोन्ही बाजूंनी जंगल कापत येणाऱ्या तुकड्या ऑक्टोबरच्या शेवटी अलास्काच्या हद्दीजवळच्या बीव्हर क्रीकजवळ भेटल्या आणि २० नोव्हेंबरला क्लुआनी तलावाच्या काठी सोल्जर्स समिटला, कडाक्याच्या थंडीत, फीत कापली.

दहा हजारांवर सैनिक होते आणि त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, ९३, ९५ आणि ९७ क्रमांकाच्या रेजिमेंटचे. तेव्हा अमेरिकन सैन्यात काळ्यागोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या, आणि या लोकांना बरेचदा यंत्रं कमी आणि हातकाम जास्त अशीच कामं मिळाली. बीव्हर क्रीकला जे बुलडोझर समोरासमोर आले त्यातल्या एकावर ९७ व्या रेजिमेंटचे रेफाइन्स सिम्स होते आणि दुसऱ्यावर गोऱ्या तुकडीचे आल्फ्रेड जलुफ्का, त्यांचा हस्तांदोलनाचा फोटो तेव्हा गाजला. पुढे अनेक दशकं या रेजिमेंटचं नाव फारसं कोणी घेतलं नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना हे नक्की सांगा.

अजून एक गोष्ट जी वर्गात रंगेल, पर्माफ्रॉस्ट. जमिनीखाली वर्षानुवर्षं गोठलेली माती असते आणि वरचं शेवाळ तिला उन्हापासून झाकून ठेवतं. इंजिनियरांनी नेहमीप्रमाणे बुलडोझरने वरचा थर खरवडला, ऊन लागलं, खालचा बर्फ वितळला आणि ट्रक चिखलात रुतले. मग शेवाळ तसंच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे टाकून वरून माती भरायची पद्धत घेतली. आजही क्लुआनीच्या पुढे हद्दीपर्यंत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो त्याचं कारण हेच.

आणि ज्यांची ही जमीन, कास्का, ट्लिंगिट, सदर्न टचोनी, त्यांच्यातले वाटाडे पुढे चालले म्हणून सर्व्हे झाला. बदल्यात त्यांच्या वाट्याला गोवर, डांग्या खोकला असे आजार आले, टेस्लिनमध्ये एकामागोमाग एक साथी आल्या, आणि क्लुआनी भागात शिकार बंद करून त्यांनाच त्यांच्या रानातून बाहेर काढलं. या रस्त्याची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती अर्धवट राहते असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: जूनच्या शेवटी व्हाइटहॉर्सला नॉर्दर्न लाइट्स दिसतील का?
– एक वाचक, टोरांटो

नाही. तेव्हा तिथे दिवस साधारण १९ तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही पूर्ण काळोख होत नाही. ऑरोरासाठी, म्हणजे याच नॉर्दर्न लाइट्ससाठी, ऑगस्टच्या मध्यानंतर जा, ऑगस्टच्या शेवटी तर डासही कमी झालेले असतात आणि टुंड्रा लाल पिवळा व्हायला लागतो. जूनमध्ये गेलात तर झोपायला डोळ्यांवरची पट्टी न्या, लहान मुलं रात्री अकराला उजेड बघून झोपत नाहीत.

प्रश्न: आम्ही पुण्याहून येणार, एवढं ड्रायव्हिंग नको. विमानाने व्हाइटहॉर्स गाठून तिथून गाडी भाड्याने घेतली तर? अलास्कात पाऊल ठेवता येईल का?
– एक वाचक, पुणे

हा विचार फार चांगला आहे, आठवडाभर असेल तर मी हेच सुचवेन. व्हाइटहॉर्सवरून एक दिवस कारक्रॉस आणि एमराल्ड लेक, मग हेन्स जंक्शन, ते फक्त १५५ किलोमीटर आहे, तिथे दोन रात्री राहा, समोर सेंट इलायस डोंगररांगा. कॅनडातलं सर्वोच्च शिखर माउंट लोगन, ५,९५९ मीटर, याच रांगेत आत आहे पण रस्त्यावरून दिसत नाही, ते बघायचं तर छोट्या विमानाची फेरी घ्यावी लागते, खर्चिक आहे पण वर्षानुवर्षं साठवून आलेल्यांनी ती जरूर करावी.

अलास्कासाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि परत कॅनडात यायचंय म्हणून तुमचा कॅनडाचा व्हिसा त्यासाठी चालतो ना ते आधी बघा. भाड्याची गाडी हद्दीपलीकडे न्यायची परवानगी करारात लेखी घ्या. आर्क्टिक सर्कलला नेणाऱ्या डेम्पस्टर हायवेचा मोह होईल, तो जवळपास पूर्ण खडीचा आहे, धारदार दगडांनी टायर फाटतात आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना तिथे मनाई असते, म्हणून तेही आधी विचारा. नाहीच मिळाली परवानगी तर डॉसन सिटीतून (हे युकॉनमधलं, डॉसन क्रीक वेगळं) टूम्बस्टोन पार्कला जाणाऱ्या टूर असतात, त्यांची चौकशी करा. रस्त्यांची रोजची स्थिती युकॉनमध्ये ५११ वर कळते, सकाळी निघताना बघत जा.